धामणखेडची मंडळी

दानिएल तायडे यांच्या प्रार्थनेत विशेषण नसे. बातमीत विशेषण घालू नये, हे मी वीस वर्षे अमरावतीच्या एका दैनिकाच्या डेस्कवर बसून इतरांना सांगितले आणि स्वतः अनेकदा मोडले. तायड्यांनी ते मोडल्याचे मी ऐकले नाही. रोज सकाळी साडेसहाला ते कॅम्पातल्या दगडी चर्चमध्ये पुढच्या बाकापाशी उभे राहत, क्लिप लावलेली पाटी डोळ्यांपासून हातभर लांब धरत आणि नावे घेऊ लागत.

"अमरावती. छप्पर गळते. बडनेरा. दोन बाया अंथरुणावर आहेत, नावे तुला माहीत आहेत. मूर्तिजापूर. पाळक बदलला आहे. अकोला. भांडण मिटलेले नाही."

प्रत्येक नावानंतर ते चार-पाच सेकंद थांबत. तेवढ्या वेळात डोळे मिटलेले नसत. ते समोर पाहत राहत, जणू तिथे कोणी उतरते आहे.

तायडे बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती किती उशिरा सुटणार, हे ते तीस-बत्तीस वर्षे ध्वनिक्षेपकावरून सांगत आले. त्यांचा आवाज निम्म्या अमरावतीने ऐकलेला होता. चेहरा फार थोड्यांना माहीत होता. ध्वनिक्षेपकावर आणि प्रार्थनेत ते पुस्तकी मराठी बोलत, बाकी सगळीकडे वऱ्हाडी. ओळखीचे लोक त्यांना काकाजी म्हणत. चर्चमधली तरुण मुले त्यांना 'चौकशी खिडकी' म्हणत, तेही त्यांच्या कानावर जाईल अशा बेताने. एकदा त्यांनी मागे वळून विचारले, "काय चौकशी हाये?" मुलांकडे चौकशी नव्हती.

ही मंडळी मूळची अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची. पुढे उत्तर भारतातल्या निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एक झाल्या तेव्हा तीही त्यात गेली, पण जुनी माणसे अजून 'आमी अँग्लिकन' असेच सांगतात. मंडळी म्हणजे एका चर्चमध्ये जमणारा समुदाय, आणि पाळक म्हणजे तिचा धर्मगुरू. अँग्लिकनांची एक जुनी पद्धत अशी की वर्षभराचे प्रार्थना-चक्र छापायचे. कोणत्या तारखेला आपल्या भागातल्या कोणत्या मंडळीची आठवण करायची, आणि जगातल्या कोणत्या दूरच्या मंडळीची, हे त्यात लिहिलेले असते. तायड्यांना दिवसाला एक गाव हे प्रमाण मान्य नव्हते. दूरचे नाव रोज एक, ठीक. पण आपल्या भागातली सगळी नावे रोज झाली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय पत्रकातली नावे वर्णानुक्रमाने असत. तायड्यांनी ती रस्त्याच्या क्रमाने लावून घेतली.

"अ-आ-इ-ई नं गाडी नाही चालत," ते म्हणाले. "अकोल्याहून अचलपूर, तिथून अमरावती, मंग वापस अंजनगाव. पाशिंजर वकून टाकन."

त्यांची माझी ओळख बुरुंडीमुळे झाली. निवृत्त होऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते. एका दुपारी ते आमच्या कार्यालयात आले आणि जगाच्या बातम्या कोण पाहते असे विचारून माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी बसा म्हटले. ते बसले नाहीत.

"साहेब, हे बुरुंडी कुठी आलं?"

मी नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेजारचे देश पाहिले, समुद्र किती लांब ते पाहिले, आणि विचारले, "रस्ते कसे हायेत?"

"काम काय आहे, काकाजी?"

"उद्या बुरुंडीच्या मंडळीचा दिवस हाये. कुठी हाये ते माहीत नसन तं पाठवू कुठी?"

त्या दिवशी वृत्तसंस्थेकडून बुरुंडीबद्दल दोन ओळी आल्या होत्या, पुराच्या. आमच्या पानात त्या जाणार नव्हत्या. मी त्या त्यांना वाचून दाखवल्या. त्यांनी तारीख घालून लिहून घेतल्या. त्यानंतर ते आठवड्यातून एकदा सात नावे घेऊन येऊ लागले. टोंगा, सोलोमन बेटे, लायबेरिया. आमच्या कार्यालयात त्यांना 'टोंगाचे बातमीदार' हे नाव पडले. ते आले की कोणीतरी ओरडे, "साहेब, टोंगा आलं!" तायडे त्यालाही नमस्कार करीत. मी मात्र त्या निमित्ताने रोज कचऱ्यात जाणाऱ्या बातम्या वाचू लागलो.

मी ख्रिस्ती नाही आणि प्रार्थना करण्याची मला सवय नाही. तायड्यांनी कधी त्या विषयावर मला छेडले नाही. एकदा मीच विचारले, "एवढी नावं घेऊन काय होतं?"

"गाडी सुटली हे सांगनं माहं काम," ते म्हणाले. "पोचवनं ड्रायव्हरचं."

शहरात संचारबंदी होती तेव्हाची गोष्ट. मी ओळखपत्र गळ्यात घालून सकाळी चौकात उभा होतो. तायडे नेहमीच्या वेळी हातात पाटी घेऊन चालत आले. लोखंडी अडथळ्यापाशी एका तरुण शिपायाने त्यांना अडवले.

"कुठी निघाले काकाजी?"

"बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. मंग वापस येऊन परतवाडा."

"गाड्या बंद हायेत नं."

"माही चालू हाये."

शिपायाने माझ्याकडे पाहिले. मी प्रकार सांगितला. तो हसला नाही. चर्चपर्यंत कोणालाही सोडता येत नाही, असे म्हणाला, आणि मग, "इथंच म्हना न. कोनाले तरास हाये?"

तायड्यांनी चपला काढल्या, अडथळ्याच्या नळीला पाटी टेकवली आणि पूर्ण यादी वाचली. रस्ता रिकामा असल्यामुळे आवाज लांब जात होता. एका गच्चीवर एक बाई येऊन उभी राहिली. यादी संपल्यावर शिपाई म्हणाला, "आमच्या टाकळीचं नाव नाही आलं."

"तिथं आमची मंडळी नाही."

"मंडळी नसन. माय तं हाये माही. दवाखान्यात न्याची होती, मी इथी अडकलो."

तायड्यांनी खिशातून पेन काढले, पाटीवर लिहिले आणि लगेच वाचले, "टाकळी. शिपायाची आई." चार सेकंद थांबून ते आल्या वाटेने घरी गेले. पुढे त्या शिपायाची आई बरी झाल्याचे मला कळले. मी तायड्यांना ते सांगितले. त्यांनी 'शिपायाची आई' खोडले, 'टाकळी' तसेच ठेवले.

"तिथं तुमचं कोणी नाही, मग नाव कशाला?"

"एकदा थांबा देल्ला का मी काढत नसतो. काढाले वरून हुकूम लागते."

वरून हुकूम पुढे आला. तो टाकळीबद्दल नव्हता, धामणखेडबद्दल होता.

धामणखेड हे मूर्तिजापूरच्या पुढे, फाट्यावरून सहा किलोमीटर आत असलेले लहान गाव. तिथे एक चर्च आहे आणि एके काळी बारा-पंधरा ख्रिस्ती घरे होती. तायडे निवृत्त झाल्यावर त्यांनी यादीतल्या प्रत्येक मंडळीला जबाबी कार्ड पाठवले होते: तुमची गरज काय आहे ते थोडक्यात लिहावे. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. काहींनी वर्गणी कशाची आहे असे विचारले. धामणखेडहून याकोब सोनोने नावाच्या गृहस्थांचे उत्तर आठवड्यात आले. 'सलाम. आमची मंडळी आजारी आहे. उजवी बाजू चालत नाही. प्रार्थनेत आठवण ठेवावी.'

तायड्यांच्या चर्चमध्ये पुरुष उजव्या बाजूच्या बाकांवर बसतात, बायका डाव्या. मंडळीची उजवी बाजू चालत नाही, म्हणजे पुरुषांनी येणे सोडले, हे त्यांच्या दृष्टीने उघड होते. असे अनेक मंडळ्यांत झाले होते. दुसऱ्या वर्षी कार्ड आले: 'मंडळीची डावी बाजू ठीक आहे. उजवी तशीच. बोलणे कमी झाले आहे.' तायड्यांनी त्याचा अर्थ असा केला की बायका टिकून आहेत, पण प्रवचन होत नाही. ते रोज सकाळी वाचत: "धामणखेड. उजवी बाजू चालत नाही. ती चालव." आठ वर्षे हे वाक्य त्या चर्चमध्ये रोज म्हटले गेले. ऐकणारे चार-पाच म्हातारे लोक होते आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

अकोल्याच्या विभागीय समितीचे परिपत्रक आले ते असे: नवीन प्रार्थना-चक्र छापताना बंद पडलेल्या मंडळ्यांची नावे वगळण्यात येतील. जिथे किमान दोन सभासद नाहीत किंवा महिन्यातून एकदाही उपासना होत नाही, ती मंडळी बंद समजावी. सोबत वगळायच्या नावांची यादी होती. पहिलेच नाव धामणखेड.

तायडे ते पत्रक घेऊन माझ्याकडे आले. या वेळी ते बसले.

"मंडळी बंद हाये असं कोनी पाहून आलं का?"

"कोणी गेलं नसेल."

"मंग हे छापून कसं आलं? तुमच्या पेपरात चालते का असं?"

चालायला नको, असे मी म्हणालो.

ते स्वतः धामणखेडला कधी गेले नव्हते. मूर्तिजापूरच्या पुढच्या गाड्या त्यांनी हजारो वेळा सोडल्या होत्या. त्या फाट्यावर एकदाही उतरले नव्हते. मला त्या आठवड्यात कृषी विद्यापीठातल्या एका कार्यक्रमासाठी अकोल्याला जायचे होते. आम्ही एकाच गाडीने निघालो. तायडे वाहकामागच्या सीटवर बसले आणि प्रत्येक थांब्याला घड्याळ पाहत राहिले. फाट्यावर उतरून ऑटो केला. ऑटोवाल्याला चर्च म्हटल्यावर समजले नाही, मग समजले.

"सोनोनेबुवाचं देऊळ? तिथं कोन जाते आता. बुवा हाये फक्त."

तायड्यांनी पाटी छातीशी धरली होती.

चर्च विटांचे, छप्पर टिनाचे, आवार झाडलेले होते. शेजारच्या दोन खोल्यांच्या घरातून सत्तरीचा एक काटक माणूस बाहेर आला.

"सलाम," तायडे म्हणाले. "मी अमरावतीचा दानिएल तायडे."

"कार्डवाले?" सोनोने त्यांच्याकडे पाहतच राहिले. "मले वाटलं एखांदं तरणं पोट्टं असन. शाळंतल्यावानी अक्षर हाये तुमचं."

"मंडळीची चौकशी कराले आलो."

"आत हाये."

"आत? चर्चात?"

"चर्चात कशी असन बाप्पा? उठता येते का तिले! घरात हाये. या न."

तायडे जागचे हलले नाहीत. त्यांना काय उमगले हे मला उमगायला थोडा वेळ लागला. आपल्याकडे जुन्या पिढीतला नवरा बायकोचे नाव घेत नसे. 'आमची मंडळी' म्हणजे बायको, हे तायड्यांनाही माहीत होते. त्यांचे वडील त्यांच्या आईला तेच म्हणत. पण आयुष्यभर चर्चच्या कागदांत तो शब्द दुसऱ्या अर्थाने वाचल्यामुळे पहिला अर्थ त्यांच्या मनात आलाच नव्हता.

आत खाटेवर मार्थाबाई होत्या. उजवा हात गोधडीवर आडवा पडलेला, उजवा गाल ओढलेला. डोळे मात्र चपळ.

"कोन आलं?"

"कार्डवाले," सोनोने म्हणाले.

तायडे खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. चूक कबूल करताना त्यांनी आवाज बदलला नाही.

"बाई, माही एक चूक झाली. आठ वर्सं मी रोज धामणखेडच्या मंडळीची उजवी बाजू मांगत होतो. मले वाटलं पुरुषायचे बाक रिकामे पडले."

मार्थाबाईंनी ते समजून घेतले. त्यांची जीभ जड होती, शब्द एकेक करून येत होते.

"म्हंजे पुरुषायची प्रार्थना... माह्यावर झाली?"

"झाली."

"तरीच म्हटलं," त्या म्हणाल्या, "मिशी काहून येऊन राहिली मले."

सोनोने हसत हसत खोकू लागले आणि त्यांना बाहेर जाऊन पाणी प्यावे लागले. तायडे हसले नाहीत. त्यांनी पाटी पुढे घेतली.

"बोलनं कमी झालं, असं लिवलं होतं."

"तवा कमी होतं," सोनोने दारातून म्हणाले.

"आनं हात?"

"दोन वर्सं झाले, थोडा उचलते. पाय नाही अजून."

तायड्यांनी ते लिहून घेतले. मग त्यांनी मूळ काम काढले. सभासद किती? दोन. बाकीची घरे मुंबई, पुणे, नागपूर. पाळक कधी आले होते? त्याला खूप वर्षे झाली. उपासना होते का?

"दर रविवारी मी चर्च उघडतो," सोनोने म्हणाले. "झाडतो. प्रभूची प्रार्थना म्हनतो. तासभर बसतो. मंग घरी येऊन हिले सांगतो काय झालं ते."

"एकटे असता, मग सांगता काय?" मी विचारले.

"काही झालं नाही, हेच सांगतो."

"दर रविवारी हेच सांगते," मार्थाबाई म्हणाल्या. "तरी मी इचारते."

परतताना तायड्यांनी ऑटोत मला एवढेच विचारले, की परिपत्रकात 'सभासद चर्चमध्ये हजर असावेत' असे कुठे लिहिले आहे का. मी दोनदा वाचले. लिहिलेले नव्हते.

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात अकोल्यात झाली. बातमी करणार नाही या अटीवर मला मागे बसू दिले. सेक्रेटरी खंडारे सर म्हणून निवृत्त मुख्याध्यापक होते. माणूस सरळ, नियमाचा पक्का.

"धामणखेड," त्यांनी वाचले. "सभासद?"

"दोन," तायडे उभे राहून म्हणाले.

"उपासना?"

"दर रविवारी."

"हजेरी?"

"एक. दुसरी खाटेवर."

"तायडे, याला मंडळी म्हणायचं का?"

"त्यायच्या घरी तं तेच म्हनतात सर."

ज्यांना समजले ते हसले आणि त्यांनी इतरांना समजावले. तेवढ्या गडबडीत तायडे उभेच होते. आवाज बसल्यावर ते म्हणाले, "नियम तुमी केला. दोन सभासद लिवलं. दोन हायेत. महिन्यातून एक उपासना लिवलं. चार होतात. मी जास्त काही मांगत नाही. छापा."

कोणीतरी म्हणाले की उद्या सगळेच असे दाखले आणतील. खंडारे सरांनी परिपत्रक पुन्हा वाचले, स्वतःच लिहिलेले वाक्य बोट ठेवून तपासले, आणि धामणखेडवरची पेन्सिलची रेघ खोडरबराने काढली. "नियमात बसतं," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्या दोघांत चांगली ओळख झाली.

तायडे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी धामणखेडला जाऊ लागले. गुडघे दुखत, तरी फाट्यापासून ऑटो मिळाला नाही तर चालत. गावातली चार माणसे त्या दिवशी मार्थाबाईंची खाट उचलून चर्चमध्ये ठेवत. त्यांतला एकही ख्रिस्ती नव्हता. उपासना संपेपर्यंत ते बाहेर सावलीत बसून तंबाखू मळत. मी एकदा गेलो तेव्हा आत जाऊ लागलो. तायड्यांनी मला बाकावर बसू दिले, पण नंतर हजेरीत मला धरले नाही. सोनोने म्हणाले, "लिवा नं, तेवढंच एक वाढते." तायडे म्हणाले, "ते पाहुने हायेत."

मार्थाबाई या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गेल्या. तायडे मातीला गेले होते. तिथे काय झाले ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले, आणि सांगताना एकही शब्द बदलला नसणार, हे मला माहीत आहे. सोनोने कबरीपाशी त्यांना म्हणाले, "माही मंडळी गेली, काकाजी. आता तुमची यादी तुमी पाहा."

"मार्थाबाई गेल्या," तायडे म्हणाले. "मंडळी हाये."

"कुठी हाये? मी एकटा उरलो. दोन पायजे म्हनतात नं ते?"

याचे उत्तर परतीच्या गाडीत बसल्यावर सुचले, असे तायडे म्हणाले. कोणते, ते सांगितले नाही.

ते मला अमरावतीच्या पाळकसाहेबांकडून कळले. तायडे त्यांच्याकडे बदलीचा दाखला मागायला गेले होते. सभासद दुसऱ्या गावी राहायला गेला की त्याचे नाव त्या मंडळीकडे पाठवतात, तो हा कागद.

"मुलाकडे पुण्याला चालले का?" पाळकसाहेबांनी विचारले.

"धामणखेडले."

पाळकसाहेबांनी त्यांना बसवून सगळे समजावले. नाव गेले की इथे मत नाही. सकाळची नावे इथला सभासदच वाचतो, म्हणजे तेही गेले. आणि कबरस्तान. इथल्या सभासदांनाच जागा मिळते. तायड्यांच्या पत्नी रूथबाई दवाखान्यात सिस्टर होत्या. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली, आणि त्यांच्या शेजारची जागा तायड्यांसाठी राखलेली होती.

"एवढं कशाला, काकाजी?" पाळकसाहेब म्हणाले. "मी खंडारे सरांना फोन करतो. एक नाव राहिलं तर काय बिघडतं? ते राहू देतील."

"त्यायच्या मेहेरबानीनं राहीन, तं दुसरा सेक्रेटरी आला का जाईन. नियमानं राहू द्या."

"रूथबाईंच्या शेजारची जागा जाईल."

पाळकसाहेब म्हणाले की यावर तायड्यांनी पेपरवेट उचलून त्याखालचा कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "सकाळी जाऊन सांगून आलो मी तिले. कागद करा."

पाळकसाहेबांनी कागद केला. तो दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आला.

नवीन प्रार्थना-चक्र छापून आले आहे. धामणखेड त्यात आहे. अमरावतीत सकाळची नावे आता एक शिक्षिका वाचतात. मी एकदा मुद्दाम साडेसहाला जाऊन ऐकले. त्या छापलेल्या क्रमाने, न चुकता आणि थोड्या घाईने वाचतात, कारण त्यांची शाळा सातला असते. टोंगा, लायबेरिया विचारायला आमच्या कार्यालयात कोणी येत नाही. तायडे धामणखेडहून फोन करतात, शनिवारी, आणि सातही नावे सांगून ठेवतात.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते गेल्या महिन्यात. अकोल्याहून येताना फाट्यावर उतरलो. रविवार होता, दहा वाजून गेले होते, उपासना संपली होती. चर्चच्या दाराला दोन फळ्या आहेत. त्यातली एक कधीपासून अडकून बसलेली, सोनोने एकाच फळीतून ये-जा करीत. तायडे त्या अडकलेल्या फळीपाशी पोत्यावर गुडघे टेकून बसले होते. शेजारी तेलाची बाटली. हातात दगड. बिजागरीवर एक ठोका, मग फळीला खांद्याने रेटा, मग पुन्हा ठोका. सोनोने पायरीवर बसून पाहत होते.

"दोघं तं हावो आपन," सोनोने म्हणत होते. "एका फळीतून एक-एक जाऊ. गर्दी हाये का कोनाची?"

"दार दोन फळ्यायचं हाये."

"कोन येऊन राहिलं पन?"

"ते मले काय माहीत," तायडे म्हणाले आणि ठोका मारला.

मी हात लावू का विचारले. त्यांनी माझ्या गाडीची वेळ विचारली. सव्वाअकरा म्हटल्यावर घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "मंग आता निघा. ऑटो नाही भेटनार."

मी चालत निघालो. गावाबाहेरच्या वळणापर्यंत दगडाचे ठोके ऐकू येत होते. एकदा ते थांबले, म्हणून मी मागे पाहिले. तायडे बिजागरीत तेल ओतत होते. सोनोने पायरीवरून उठले होते आणि फळी दोन्ही हातांनी धरून उभे होते. मग ठोके पुन्हा सुरू झाले.